सेम टू सेम लेहंगा, मे महिना आणि पाटावर बसणं

नागपूरच्याच एका मुलीचा प्रश्न आहे. लग्न मेच्या दुसऱ्या आठवड्यात, वर्धा रोडवरच्या एका लॉनवर, गोरज मुहूर्ताचं. डिझायनर सब्यसाचीच्या लेहंग्यांचे फोटो ती कॉलेजपासून जमवतेय. एका बुटिकवाल्यांनी त्यातलाच एक फिकट गुलाबी लेहंगा 45 हजारांत 'सेम टू सेम' करून देतो म्हणून सांगितलंय. कपड्यांचं एकूण बजेट 70 हजार. आई म्हणते, आपल्यात लेहंगा नसतो, शालूच नेसायचा. आणि खाली तिने हळूच विचारलंय, या डिझायनर लोकांचं एवढं वेड असणं म्हणजे मूर्खपणा आहे का?

वयाने मोठी आहे, म्हणून अगं-तुगं करते, राग मानू नको. धरमपेठेत 22 वर्षं नवरीचे कपडे शिवते आहे. त्याआधी नागपूरच्याच महाल भागात सासूबाईंच्या हाताखाली नुसते ब्लाउज शिवायची.

आधी वेडाचं बोलू. मूर्खपणा कसला त्यात? माझ्याकडे एक जाडजूड वही आहे, पेपरांच्या पुरवण्यांतली कात्रणं डकवलेली. रितू कुमार, अबू जानी-संदीप खोसला यांचं चिकनकारीचं काम, तरुण तहिलियानींचे चापूनचोपून बसवलेले पदर. खळीने पानं कडक झालीत, तरी कारागिराला काही समजावायचं असलं की अजून तीच वही निघते. तेव्हा बघ, साठव, खुशाल वेडी हो. मला काळजी आहे ती 'सेम टू सेम' या शब्दाची.

तू विचारतेस, कॉपी घेऊ का. मी तुला उलट विचारते: त्या फोटोतलं तुला नक्की काय आवडलंय? रंग? बाहीची लांबी? तो घेर? की त्यावरचं भरतकाम? कारण यातल्या काही गोष्टी पाच हजारांत होतात, काही पन्नास हजारांत होतात, आणि काही तू पाच लाख टेबलावर ठेवलेस तरी मेपर्यंत नागपुरात होणार नाहीत.

भरतकाम त्या शेवटच्या खणातलं. 2018च्या डिसेंबरात जोधपूरला प्रियांका चोप्राने जो लाल लेहंगा घातला होता, त्याचा हिशोब सब्यसाचीकडूनच जाहीर झाला होता: कोलकात्याचे 110 कारागीर आणि 3,720 तास. आता माझा हिशोब ऐक. माझ्या अड्ड्यावर, म्हणजे कापड ताणून भरायच्या लाकडी चौकटीवर, चार जण बसतात. रोजचे आठ तास धरले तर दिवसाला 32 तास काम होतं. 3,720 तासांना 116 दिवस लागतील, तेही एकाही सुटीशिवाय आणि दुसरं एकही काम हातात न घेता. बरं, तुझ्या 45 हजारांना 3,720ने भाग. तासाला 12 रुपये पडतात. कापड, अस्तर, जरी, शिलाई यातलं काही अजून मोजलेलंच नाही. तुझ्या फोटोतला लेहंगा वेगळा आहे, त्याचे तास कमी असतील. निम्मे धर, पाव धर. तरी हा भागाकार कुठे बसत नाही. म्हणजे तिथे हाताचं काम नसणार, कॉम्प्युटर मशीनवर भरलेलं नेट, म्हणजे जाळीचं कापड, असणार आणि वर गमने चिकटवलेले खडे.

एकदा एका मोठ्या डिझायनरचा खरा लेहंगा माझ्या हाती आला होता. गिऱ्हाइकाने दिल्लीहून आणलेला, कंबर दीड इंच सैल करायची होती. अस्तराची शिवण उसवली आणि दुकानाचं शटर अर्धं ओढून मी तासभर नुसती बघत बसले. सोळा कळ्या, म्हणजे घेराच्या वर निमुळत्या पट्ट्या. प्रत्येक कळीवर घेराशी कमळ तळहाताएवढं, गुडघ्याशी रुपयाएवढं, कमरेशी हरभऱ्याच्या दाण्याएवढं. कळी वर निमुळती होत जाते तसतशी बुटीही लहान होत गेलेली, त्यामुळे दोन कळ्या जोडल्या तरी एकही पाकळी शिवणीत कापली गेली नव्हती. हे कसं होतं, तर कापडावर आधी कळ्या आखतात. मग प्रत्येक कळीचा खाका काढतात, म्हणजे कागदावर नक्षी काढायची, रेषेवरून सुईने टोचत जायचं, आणि रॉकेलमध्ये कालवलेली पूड बोळ्याने वरून फिरवायची, की खाली कापडावर ठिपके उमटतात. त्यावर अड्ड्याला ताणून दबका, कोरा (जरीच्या तारेचे प्रकार), मोती भरतात. कात्री सगळ्यात शेवटी लागते. आतल्या बाजूला दोन-दोन इंच दाब, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, सोडलेला होता, उद्या नवरीचं वजन वाढलं तरी सोय असावी म्हणून. फोटोत यातलं काही दिसत नाही. पैसे मात्र याचेच असतात.

कॉपीत काय होतं? इथल्या गांधीबागेच्या कापडबाजारात भरलेलं नेट मीटरवर मिळतं. तेच आणून कळ्या कापतात. अर्धं कमळ या कळीत, अर्धं त्या कळीत, मधून शिवण. दहा फुटांवरून खपून जातं. पण लग्नात तुझी मावशी दहा फुटांवर उभी राहणार आहे का?

हे सगळं मी वर बसून सांगत नाहीये, माझा स्वतःचा हात भाजलाय. 2018च्या सुरुवातीची गोष्ट. आदल्या डिसेंबरात अनुष्का शर्माने इटलीत सब्यसाचीचा फिकट गुलाबी लेहंगा घातला होता, आणि इथे दर दुसरी मुलगी मोबाईलवर तोच फोटो घेऊन यायला लागली. एकीला मी होकार दिला. तयार नेट, आत घेर फुगवायला कॅनकॅनचे, म्हणजे कडक जाळीचे, चार थर, वरून खडे. काउंटरसमोर उभी राहिली तेव्हा सगळ्यांनी वाहवा केली. लग्नाला मला बोलावलं होतं. मंगलाष्टकं झाली, ती होमाला पाटावर बसली, आणि कॅनकॅनने उसळी मारली. लेहंगा छातीपर्यंत वर आला. तिचे हात त्या ढिगावरून पुढे पोचेनात. लाजाहोमात भावाने ओंजळीत लाह्या घातल्या, त्यातल्या निम्म्या नेटवरच सांडल्या. शेवटी आत्याबाईंनी दोन्ही हातांनी तो फुगा दाबून धरला, कारण समोर अग्नी आणि हे सगळं सिंथेटिक. ठिणगी पडली असती तर असलं नेट नुसतं जळत नाही, वितळून अंगाला चिकटतं. पंगतीत मी जेवले नाही, डोकं दुखतंय सांगून घरी आले.

त्या दिवशी मला कळलं की मी फोटो शिवला होता. लग्न शिवलं नव्हतं.

तुझ्या फोटोतल्या मुलीही बहुतेक वेळा उभ्याच असतात, बघ. मराठी लग्नात नवरी उभी राहते ती अंतरपाटाशी आणि सप्तपदीला. बाकी बहुतेक वेळ ती पाटावर, मांडी घालून किंवा एक गुडघा उभा करून. म्हणून माझ्या ट्रायल रूममध्ये आता एक सागवानी पाट ठेवलेला आहे, आणि लग्नविधीसाठी कपडा असेल तर त्यावर बसल्याशिवाय मी मापं पक्की करत नाही. आधी मांजरपाटाचा कच्चा लेहंगा शिवते, त्यात बसवते, वाकवते, खालून काहीतरी उचलायला लावते. मुली हसतात. त्यांच्या आया हसत नाहीत.

आता आपल्या मे महिन्याकडे ये. सूर्य कलला तरी लॉनची जमीन वाफा टाकत असते. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक दिवस, लागायला अजून अवकाश असला तरी दुपारचा पारा 44-45 ला टेकलेला असतो. स्टेजच्या दोन्ही बाजूंना जम्बो कूलर लागणार, आणि हा कूलर नवरीच्या कपड्यांचा मोठा वैरी आहे. ऑर्गन्झाची ओढणी त्याच्या वाऱ्याने शिडासारखी फुगते, मुंडावळ्या गालावर येतात. पाण्याचे शिंतोडे रॉ सिल्कवर उडाले तर डाग राहतो, पुसायला गेलं की अजून पसरतो. डेकोरेशनवाल्याला आजच सांगून ठेव, कूलर स्टेजच्या तोंडावर नको, बाजूला आणि थोडे मागे हवेत. आणि फिकट रंग घेणार असशील तर आपल्या अक्षतांना कुंकू लावलेलं असतं हे विसरू नकोस. घामाने ओल्या झालेल्या ओढणीवर त्या पडल्या की गुलाबी ठिपके राहतात. एका आयव्हरी ओढणीवरचे ते ठिपके ड्रायक्लीनवाल्याने दोनदा धुतले, तरी अजून आहेत. करवल्यांच्या हातातल्या वाटीत फक्त फुलांच्या पाकळ्या ठेवायच्या, कुंकवाच्या अक्षता भटजींनी आणि घरच्या चार मोठ्यांनी टाकायच्या, अशी तोड हल्ली बरेच जण काढतात.

फिकट रंग वाईट, असं मात्र मी म्हणत नाहीये. तुझा वर्ण, लॉनचे दिवे, मागची सजावट यावर ते ठरतं. पिवळ्या दिव्यांत फिकट गुलाबी बिस्किटी दिसतो, पांढऱ्या एलईडीत त्यातला गुलाबीपणा जातो. कापडाचा हातभर तुकडा घेऊन संध्याकाळी सातला त्या लॉनवर जा, कुणाचंतरी लग्न चालूच असेल, दिव्याखाली तो गळ्याशी धरून व्हिडिओ काढ. मागे एका मुलीच्या आईने हे न करताच माझ्या दुकानात नाक मुरडलं होतं: "काहून वं, नवरीनं एवढं पांढरंफटक काहून घालाव?" लॉनवरचा व्हिडिओ बघून तीच म्हणाली, आणखी एक छटा फिकी चालली असती.

ट्रेंडचं विचारशील तर माझी ऑर्डरची वहीच उघडून बघते. 2018 सगळं गुलाबी. त्यानंतर लाल परत आला, 2021च्या शेवटी कतरीना कैफने लाल लेहंगा घातल्यावर तर तो ठाण मांडून बसला. एप्रिल 2022 मध्ये आलिया भट्टने घरच्या घरी लग्न केलं, सब्यसाचीची आयव्हरी ऑर्गन्झा साडी नेसून, आणि उन्हाळ्यातच तीन मुली साडी मागायला आल्या. पुढच्या फेब्रुवारीत कियारा अडवाणीने मनीष मल्होत्राचा गुलाबी लेहंगा घातला की परत गुलाबी. पाच-सहा वर्षांत रंगाचा पाळणा दोनदा झुलून आला. त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं आलियाचं. साडी निवडली म्हणून नव्हे. घरातलं छोटं लग्न होतं आणि कपडा त्या लग्नाच्या मापाचा होता, हे मला भारी वाटलं. हे डिझायनर आधी प्रसंग मोजतात. आपण त्यांची बुटी तेवढी मोजतो.

मग त्यांच्याकडून घ्यायचं काय? पुष्कळ काही, आणि तेही जवळजवळ फुकट. सब्यसाचीचे फोटो पुन्हा काढ आणि या वेळी काम न बघता मापं बघ. ब्लाउज बहुतेक वेळा साधा, बाही कोपराच्या खाली उतरलेली, गळा मोजका. ओढणी जड असेल तर तिचा काठ रुंद, अंग मोकळं. एकाच रंगाच्या दोन-तीन छटा. याला फक्त नजर लागते, कारागिराची मजुरी वाढत नाही. अनिता डोंगरेंनी लेहंग्याला खिसा दिला, तो तर जरूर उचल. मोबाईल, रुमाल, लिपस्टिक आत जाते आणि करवलीला पर्स सांभाळत मागे फिरावं लागत नाही. मी आता न विचारताच उजव्या शिवणीत खिसा ठेवते. पट्ट्याची हौस असेल तर पट्टा घे, पण सब्यसाचीच्या पट्ट्यासारखा वाघाचं तोंड असलेला नकली पट्टा नको. कुणाच्या नावाची नक्कल अंगावर घालून मिरवणं मला बरं वाटत नाही, आणि ओळखणारे तो लगेच ओळखतात.

तुझ्या जागी मी असते तर रॉ सिल्कचा, बारा किंवा सोळा कळ्यांचा लेहंगा केला असता. कॅनकॅन अजिबात नाही. आत सुती अस्तर आणि घेर उभा राहावा म्हणून खाली फक्त कॅनव्हासची चार बोटं पट्टी. हाताचं काम तीनच ठिकाणी: गळा, बाहीचा काठ आणि ओढणीची चेहऱ्याजवळ येणारी कड. लग्नाच्या अल्बममध्ये शंभरातले सत्तर फोटो कमरेच्या वरचे असतात, हे माझं बघण्यातलं आहे. खालच्या घेराला भरतकामाऐवजी विणलेला काठ लाव. माझ्या चौघांना हे काम पंधरा-वीस दिवसांचं आहे, आणि सगळं धरून 40-42 हजारांत बसतं. दुसऱ्या दुकानात थोडं इकडे-तिकडे होईल.

वजनाचंही सांगते. दुकानात एक काटा आहे, प्रवासाच्या बॅगा टांगून तोलायचा. लेहंगा त्याला लटकवते. पाच किलोच्या वर गेला की मी थांबते, कारण ते सगळं ओझं दोन इंची पट्ट्यावर आणि नाडीवर येतं, आणि रात्री कमरेला लाल वळ उठतात. खड्यांचे लेहंगे आठ-नऊ किलोंचे मी तोलले आहेत. ते मुलगी घालत नाही, वाहते.

आता आई. "आपल्यात लेहंगा नसतो" हे तिचं म्हणणं खरंच आहे. आपल्यात मामाने दिलेली पिवळी साडी, अष्टपुत्री असते. पण तिला प्रेमाने एवढं सांग की शालू तरी आपला कुठे, तोही बनारसहूनच आला आणि घरचा झाला. वाद घालू नकोस. विधीच्या वेळी अष्टपुत्री नेसून बस, होम, सप्तपदी तिच्यात होऊ दे. साडी पाटावर कशी बसते ते तुला पहिल्या पाच मिनिटांत कळेल. रिसेप्शनला लेहंगा. तुझं 'लग्नातच लेहंगा' पक्कं असेल तर वरचा बिनकॅनकॅनचा चालतो, मग होमापुरती आईची एखादी वस्तू अंगावर घे. त्यासाठी माझ्या मनात एक गोष्ट कधीची आहे: शेला म्हणून करवतकाठी, म्हणजे करवतीसारख्या काठाचं हातमागाचं कापड. विदर्भातलंच टसर, नैसर्गिक मधाळ रंगाचं, आणि काठावर करवतीच्या दातांसारखी टोकं. काठ आणि अंग वेगवेगळ्या धोट्यांनी विणून एकमेकांत अडकवतात, म्हणून काठाचा रंग अंगात सांडत नाही, दात कसे धारदार दिसतात. फिकट गुलाबीवर लाल करवतीचा टसर शेला, त्याचीच गाठ नवरदेवाच्या उपरण्याला. तुझ्या आवडत्या डिझायनरच्या कामातही मूळ आकर्षण हातमागाचं आणि जुन्या भरतकामाचंच आहे. त्यांनी आपल्या आसपासचं शोधलं. भंडारा आपल्यापासून साठेक किलोमीटर आहे. करवतकाठी घेताना पदर उलटा करून बघ, आणि टसर म्हणून गुळगुळीत चकचकीत पॉलिस्टर कुणी गळ्यात मारत नाही ना, तेही. खऱ्या टसरला हात लावला की किंचित खरखर लागते, धागा कुठे जाड कुठे बारीक दिसतो.

इथवरचं थोडक्यात: भरतकामाची नक्कल सोड, रंग, माप आणि संयम उचल, कपडा बसून तपास, आईला शेल्यात किंवा अष्टपुत्रीत सामावून घे. राहिल्या तारखा.

कापड आणि रंग दोन महिने आधी पक्के हवेत. अड्ड्यावरचे बरेचसे कारागीर बंगाल-उत्तर प्रदेशातले असतात, ईदला गावी गेले की पंधरा-वीस दिवस अड्डा रिकामा. बुटिकवाले 'हो हो, होऊन जाईल' म्हणतात तेव्हा ईदच्या आधी की नंतर, हे विचारून घे. ब्लाउजची शेवटची ट्रायल लग्नाच्या दहा-बारा दिवस आधी, त्याआधी नको. केळवणं सुरू झाली की वजन वाढतं, किंवा टेन्शनने उतरतं. दोन्ही बाजूंना दीड इंच दाब सोडायला लाव, खडे लावायचेच असतील तर शिवणीपासून दूर.

आणि त्या 45 हजारवाल्यांकडेही एकदा जाऊन ये, त्यांना उगाच वाईट ठरवू नकोस. नमुना मागव, उलटा करून बघ. मागची बाजू एकसारखी, पांढऱ्या कागदाचा थर चिकटलेली असेल तर कॉम्प्युटर वर्क. खडा नखाने उचलून बघ. कळीच्या शिवणीवर फूल कापलंय का बघ. हे सगळं असूनही ते म्हणाले, "ताई, हे मशीनचं आहे, 18 हजारांत देतो", तर खुशाल घे आणि रिसेप्शनला घाल, काही बिघडत नाही. मशीनचं काम मशीनच्या भावात मिळालं तर माझी तक्रार नाही.

ट्रायलला जाशील तेव्हा लग्नात घालायची चप्पल बरोबर ने, लांबी तिच्यावरच ठरते. मोबाईलही ने, खिशात मावतो का बघायला. आणि बुटिकमध्ये पाट नसेल तर लाजू नकोस, सरळ फरशीवर मांडी घालून बस.